पायथनचं छोटं साधन डेबियनमध्ये न्यायचंय: स्वतःची डेब फाईल, पीपीए की थेट आर्काइव्ह?

सुदामानगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण माहिती एकदमच दिलेली बरी.

इंदुरात मंडळांच्या स्मरणिका, ग्रंथालयांच्या सूच्या, गणेशोत्सवाच्या पुस्तिका असं बरंच साहित्य कृतिदेव आणि शिवाजी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणणारं एक मुक्त साधन आहे. शुद्ध पायथन, कमांडलाइनवर चालतं, परवाना जीपीएल ३ (मुक्त सॉफ्टवेअरचा). मूळ प्रकल्प माझा नाही, पण पॅकेज करायला त्यांची ना नाही. वापर होणार आहे तो वाचनालयांतल्या संगणकांवर. बहुतेक ठिकाणी डेबियन १३ लिनक्स आहे, काही ठिकाणी उबुंटू २४.०४. चालवणारे स्वयंसेवक टर्मिनलला घाबरतात.

टारबॉलमध्ये (सोर्सच्या दाबलेल्या गठ्ठ्यात) काय काय आहे: कोड, अक्षरांची कोष्टकं, बिल्डच्या वेळी त्या कोष्टकांतून पायथनची फाईल तयार करणारी एक स्क्रिप्ट, एचटीएमएल मदतपानं, आणि चाचण्यांच्या फोल्डरात कृतिदेवच्या टीटीएफ फायली व एका जुन्या अंकातले लेख नमुना म्हणून. आवृत्तीचं नाव '२०२४.०८' असं तारखेवरून.

स्वतः डेब (डेबियनची पॅकेज फाईल) बनवून वाटावी, पीपीए (उबुंटूसाठीचा स्वतःचा पॅकेज-साठा) काढावा, की डेबियनच्या अधिकृत साठ्यात, म्हणजे आर्काइव्हमध्येच न्यावं?

सियागंज (इंदूर)

भिया, एवढ्यासाठी डेबियनचं दार कशाला ठोठवायचं? एक फोल्डर करा, त्यात कंट्रोल फाईल (पॅकेजची माहिती) टाका, डीपीकेजी-डेब चालवून डेब बांधा, पेन ड्राइव्हवर घ्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाचनालयांत पोचेल.

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

सियागंज, पोचेल खरं, पण दुसरी आवृत्ती कशी पोचणार? पेन ड्राइव्हवरून बसवलेल्या डेबची नवी आवृत्ती कुठून आणायची ते एपीटीला (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) ठाऊक नसतं. अपडेट नाही, सही नाही, आणि डेबियन १४ आल्यावर पायथन बदललं की ते मुकाट्याने मोडून पडू शकेल.

सुदामानगरकर, कोडच्या आधी परवान्याकडे बघा. मुळातली परवान्याची एक फाईल पुरत नाही. 'लायसन्सचेक' सगळ्या फोल्डरांवर रिकर्सिव्ह चालवा आणि प्रत्येक फाईलचा मथळा वाचा. तुम्ही दिलेल्या यादीतच मला तीन अडचणी दिसतात.

एक, कृतिदेवच्या टीटीएफ फायली. त्या मुक्त नाहीत. डेबियनच्या मेन (फक्त मुक्त सॉफ्टवेअरच्या) विभागात नुसतं बायनरी पॅकेज शुद्ध असून भागत नाही, सोर्स टारबॉलमध्येही अमुक्त फाईल चालत नाही. म्हणजे टारबॉल पुन्हा बांधावा लागेल. हे हाताने करू नका. 'कॉपीराइट' फाईलच्या पहिल्या परिच्छेदात 'फाइल्स-एक्सक्लूडेड' या ओळीत त्या टीटीएफचे मार्ग लिहा आणि नव्या आवृत्त्या शोधणाऱ्या 'वॉच' फाईलमध्ये रिपॅकसफिक्स म्हणून '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांची खूण) द्या. मग 'यूस्कॅन' नवी आवृत्ती उतरवताना स्वतःच त्या फायली गाळून टारबॉल बांधतं. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला हेच आपोआप होतं. रूपांतराला फॉन्ट लागतच नाही, फक्त कोष्टक लागतं. तेव्हा चाचण्यांचं काही बिघडू नये.

दोन, जुन्या अंकातले लेख. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. स्मरणिकेतला लेख चाचणीत टाकला म्हणून जीपीएल होत नाही. मूळ प्रकल्पाला सांगून तिथे स्वतः रचलेली वाक्यं घालून घ्या.

तीन, एचटीएमएल मदतपानं. ती गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट ओढत असतील तर लिंटियन (पॅकेज तपासणारं साधन) 'प्रायव्हसी ब्रीच'चा इशारा देईल, आणि बरोबरच देईल. वाचनालयातल्या माणसाने मदत उघडली हे बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. त्या दोन ओळी पॅच करून काढा.

लश्करकर (ग्वाल्हेर)

वरच्या सगळ्याला मान देऊन: पायथनचं कमांडलाइन साधन आहे, पिपएक्सने (पायथनची साधनं वेगवेगळी बसवणारं साधन) लावा ना. एक कमांड, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, सिस्टिमला धक्का नाही. फक्त सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून थेट पिप, म्हणजे पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर, चालवू नका. डेबियन १२ पासून 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी चूक येते, आणि तिच्यावर 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'चा तोडगा इंटरनेटवर सर्रास सापडतो. त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे.

अश्विनी_पागनीसपागा (इंदूर)

लश्करकर, एका माणसाच्या लॅपटॉपवर पिपएक्स उत्तमच. पण वाचनालयात प्रत्येक संगणकावर चार-पाच खाती असतात आणि पिपएक्स एकेका खात्यापुरतं बसवतं. सगळ्यांसाठी बसवण्याचा पर्याय नव्या आवृत्त्यांत आहे, तरी अपडेट कुणीतरी आठवणीने करायलाच लागतं. शिवाय प्रत्येक वेळी नेट हवं. डेब असेल तर आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला तिचा रेपो (पॅकेज-साठा) एकदा सांगून ठेवला की बाकीच्या अपडेटांबरोबर हेही होतं.

माळव्याचा_मुलगा (इंदूर)

फ्लॅटपॅकबद्दल (कुठल्याही लिनक्सवर चालणारं बंदिस्त पॅकेज) कुणीच बोलेना?

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

खिडकीवालं अ‍ॅप असतं तर मीच सुचवलं असतं. कमांडलाइन साधनाला फ्लॅटपॅक अवघडच. 'फ्लॅटपॅक रन' आणि मागे लांबलचक नाव असं टाइप करायचं, आणि यूएसबीवरची फाईल वाचायची तर सँडबॉक्सला परवानगी द्यायची. रनटाइमच काही शे एमबीचा. कोष्टकं नि कोड मिळून हे साधन एखाद्या एमबीत मावेल.

लश्करकर (ग्वाल्हेर)

अश्विनीताईंचा चार खात्यांचा मुद्दा मान्य. मग डेबच करायची तर नीट करू. 'कंट्रोल' फाईलचा सांगाडा देतो.

बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधणीला लागणारी पॅकेजं): डेबहेल्पर-कॉम्पॅट १३, डीएच-सीक्वेन्स-पायथन३, पायबिल्ड-प्लगइन-पायप्रोजेक्ट, पायथन३-ऑल, पायथन३-सेटअपटूल्स, आणि चाचण्यांसाठी पायथन३-पायटेस्ट, त्याच्यापुढे 'नोचेक' (चाचण्या वगळून बिल्ड) प्रोफाइलची खूण. आर्किटेक्चर 'ऑल', कारण सी कोड नाही. डिपेंड्समध्ये हाताने काही लिहू नका. पायथन३-डिपेंड्स आणि मिस्क-डिपेंड्स हे दोन चल पुरतात, बाकी डीएच-पायथन शोधून भरतं. 'रूल्स' फाईल तीन ओळींची: शेबँग, टक्क्याची ओळ, आणि डीएच, बिल्डसिस्टिम पायबिल्ड. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा. एडिटरने त्याचे आठ स्पेस केले तर मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतं.

मूळ प्रकल्पाच्या सेटअप फाईलमध्ये डिस्टयुटिल्स (पायथनचं जुनं पॅकेजिंग मॉड्यूल) वापरलं असेल तर आधी तिथेच दुरुस्त करून घ्या. पायथन ३.१२ पासून ते काढून टाकलंय. उबुंटू २४.०४ वर ३.१२ आहे, डेबियन १३ वर ३.१३.

आणि बिल्ड स्वतःच्या मशीनवर करून 'झालं' म्हणू नका. एसबिल्डमध्ये, स्वच्छ क्रूटमध्ये (वेगळ्या, कोऱ्या सिस्टिममध्ये) करा. तुमच्या मशीनवर आधीच बसलेली लायब्ररी यादीत लिहायची राहिली तर घरी बिल्ड होतं आणि बिल्ड-सर्व्हरवर पडतं. बिल्ड चालू असताना नेटला हात लावणं डेबियनच्या धोरणात बसत नाही. स्क्रिप्ट कोष्टक कुठून डाउनलोड करत असेल तर तेही टारबॉलमध्येच यायला हवं.

क्षिप्रा_पार (इंदूर)

ती कोष्टकांतून पायथनची फाईल बनवणारी स्क्रिप्ट मला खटकते. ती पायथनचा सेट (ठराविक क्रम नसलेला संच) वापरते का? स्ट्रिंगच्या सेटचा क्रम दर वेळी वेगळा येतो, कारण हॅशचं बीज प्रत्येक प्रक्रियेत बदलतं. मग एकाच सोर्सपासून दोनदा बिल्ड केलं की दोन वेगळ्या फायली निघतात आणि रिप्रोड्यूसिबल बिल्डची चाचणी नापास होते. उपाय साधा आहे, लिहिण्याआधी सॉर्ट करा. क्रमवारी संगणकाच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) सोडू नका, कोडपॉइंटनेच (अक्षराच्या युनिकोड क्रमांकानेच) करा. फाईलच्या डोक्यावर 'आजची तारीख' छापत असेल तर तीही काढा किंवा 'सोर्स डेट इपॉक' या चलातून घ्या. तो चल चेंजलॉगच्या शेवटच्या नोंदीवरून आपोआप भरला जातो. फरक नेमका कुठे पडतोय ते डिफोस्कोप ओळीन्‌ओळ दाखवतं.

सियागंज (इंदूर)

पण एवढा खटाटोप करून बाइटन्‌बाइट तीच फाईल कशासाठी हवी? साधन तर तेच काम करतंय.

क्षिप्रा_पार (इंदूर)

कारण मग कुणीही सोर्सवरून बिल्ड करून ताडून बघू शकतं, की वाटली जाणारी डेब खरंच याच सोर्सची आहे. २०२४च्या मार्चमधलं एक्सझेड या फायली दाबणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलेलं होतं, आणि ते चालू करणारी बिल्डची एम४ फाईल गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. बिल्ड स्क्रिप्ट आधी बघायची की आपण डेब किंवा आरपीएम (फेडोरा वगैरेंची पॅकेज फाईल) बांधतोय का, आणि बांधत असू तरच कामाला लागायची. म्हणजे नेम सरळ पॅकेज करणाऱ्यांवरच धरलेला. तिथे फक्त बायनरी ताडून भागलं नसतं, टारबॉल आणि गिटचा टॅग यांची तुलना करायला हवी होती. या साधनाच्या बाबतीतही टारबॉल उतरवलात की टॅगशी 'डिफ' मारून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

दांडियाबाजार (बडोदा)

याला दुसरी बाजूही आहे. पॅकेज करणाऱ्यानेच पॅच लावून घोटाळा होऊ शकतो. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल (कूटलेखनाची लायब्ररी) पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार मिटवायला दोन ओळी काढल्या गेल्या, आणि यादृच्छिक संख्यांच्या उगमात प्रोसेस आयडीशिवाय फारसं काही उरलं नाही. मे २००८ मध्ये उघड झालं तोवर प्रत्येक आकाराच्या आणि प्रकाराच्या किल्ल्या मोजून ३२,७६८ एवढ्याच शक्य होत्या. म्हणून माझं म्हणणं, जमेल तो प्रत्येक पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवा. 'पॅचेस' फोल्डरातल्या प्रत्येक पॅचच्या डोक्यावर डेप-३ मथळा लिहा: काय, का, मूळ प्रकल्पाला कळवलं का. मदतपानातला गूगल फॉन्टचा पॅचसुद्धा.

माळव्याचा_मुलगा (इंदूर)

अवांतर: मी आर्च लिनक्सवाला. एयूआरमध्ये (आर्चच्या वापरकर्त्यांनी भरलेला साठा) पीकेजीबिल्ड (बांधणीची स्क्रिप्ट) टाकलं तर? वीस ओळीत होतं.

लश्करकर (ग्वाल्हेर)

टाका की, आर्चवाल्यांची सोय होईल. वाचनालयांत आर्च नाही एवढंच. आर्किटेक्चर 'एनी', शा-२५६ बेरीज (फाईल तीच आहे ना हे ताडायचा आकडा) खरी द्या, 'स्किप' लिहू नका, आणि प्रत्येक बदलानंतर मेकपीकेजीने डॉट-एसआरसीइन्फो पुन्हा काढून कमिट करा, नाहीतर साइटवर जुनीच आवृत्ती दिसत राहते. वापरणाऱ्यांनी पीकेजीबिल्ड वाचल्याशिवाय बसवू नये. २०१८च्या जुलैत एक बेवारस पॅकेज दत्तक घेऊन त्यात वाईट कोड घातला गेला होता, २०२५च्या जुलैतही ब्राउझरच्या नावाची मालवेअर पॅकेजं काढावी लागली. एयूआरमध्ये अपलोड होण्याआधी कुणी तपासत नाही.

अश्विनी_पागनीसपागा (इंदूर)

चाचण्यांची वाक्यं नव्याने रचणार असाल तर मराठीच्या खोड्या त्यांत मुद्दाम घाला. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. म्हणून 'स्थिती'मध्ये वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते, 'सर्वांना'मध्ये रफार मागे आणावा लागतो. हिंदीसाठी लिहिलेली रूपांतरकं अडकतात ती 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' अशा शब्दांत. हा ऱ युनिकोडमध्ये स्वतंत्र कोडपॉइंट आहे, यू+०९३१. तोच र आणि नुक्ता अशा दोन कोडपॉइंटांनीही लिहिता येतो. एनएफसी या युनिकोडच्या सामान्यीकरणाने दोन्ही एक होतात, पण त्याशिवाय चाचणीत तुलना केलीत तर डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द 'वेगळे' ठरतात.

हीच वाक्यं ऑटोपीकेजीटेस्टलाही लावा. तिथे बिल्ड-फोल्डरातला नव्हे तर बसवलेल्या पॅकेजातला कोड चालतो. कोष्टकाची फाईल पॅकेजमध्ये यायचीच राहिली तर नेमकं तिथे उघडं पडतं. पायप्रोजेक्टमध्ये (प्रकल्पाच्या मांडणीच्या फाईलमध्ये) डेटा फायली नोंदवायच्या राहतात, ही तर नेहमीची गोष्ट.

सुदामानगरकर (इंदूर)

सगळ्यांचे आभार. लायसन्सचेक चालवलं. कोड स्वच्छ आहे, पण शिवाजीच्या कोष्टकाच्या डोक्यावर 'केवळ शैक्षणिक व अव्यापारी उपयोगासाठी' असा शेरा आहे. हा मूळ प्रकल्पानेही दुसरीकडून घेतलेला दिसतो. हे चालेल का?

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

नाही चालणार. डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांतला सहावा मुद्दा हाच: कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव नको. आणि जीपीएल ३ च्या कोडबरोबर अशी अट एकत्र वाटताही येत नाही, तेव्हा हा प्रश्न मूळ प्रकल्पाचाही आहे. दोन मार्ग आहेत. ज्याने कोष्टक केलं त्याला गाठून नव्या परवान्याची लेखी संमती घ्या आणि ती मूळ रिपॉझिटरीतच कमिट करून घ्या. नाहीतर फॉन्टची छापील अक्षरसूची समोर ठेवून कोष्टक नव्याने करा. जुन्या कोष्टकाकडे न बघता करा. दोनशेच्या आसपास नोंदी असतील, दोघं बसलात तर होईल.

क्षिप्रा_पार (इंदूर)

कोष्टकाला मी आहे. राजवाड्याजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे अजून जुने कीबोर्ड-तक्ते आहेत, अक्षरसूची तिथून मिळेल.

माळव्याचा_मुलगा (इंदूर)

मीही येतो. पोह्यांवर शेव जास्त असावी एवढीच अट, आणि ती सगळ्या निकषांत बसते.

दांडियाबाजार (बडोदा)

मूळ प्रश्नावर येऊ, नाहीतर धागा कोष्टकातच अडकेल. कुठे न्यायचं? मी म्हणेन डेबियनमध्येच, पण काळाचा हिशोब आधी समजून घ्या.

पहिली पायरी आयटीपी, म्हणजे 'हे पॅकेज मी करणार' अशी नोंद. 'रिपोर्टबग'ने डब्ल्यूएनपीपी (हव्या असलेल्या पॅकेजांची यादी) या नावावर बग नोंदवायचा. आधी त्याच यादीत शोधून बघा, हे साधन दुसऱ्या कुणी घेतलंय का. बगचा क्रमांक मिळाला की तो चेंजलॉगच्या पहिल्या नोंदीत 'क्लोजेस' म्हणून लिहायचा. साल्सावर (डेबियनच्या गिट सर्व्हरवर) डेबियन पायथन टीमचं सदस्यत्व मागा आणि पॅकेज टीमच्या नावावर ठेवा. पुढे तुम्हाला वेळ नसला तरी पॅकेज बेवारस होत नाही, आणि साल्साच्या सीआयमध्ये (आपोआप तपासणीत) लिंटियन, पियुपार्ट्स, रिप्रोटेस्ट, ऑटोपीकेजीटेस्ट सगळं प्रत्येक पुशला चालतं. मग मेंटर्स या नवख्यांसाठीच्या साइटवर डीपुटने चढवा आणि स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्सवर आरएफएस (माझ्यासाठी अपलोड करा, अशी विनंती) बग टाका. डेबियन डेव्हलपर तपासून, स्वतःची सही करून अपलोड करतो. नवं पॅकेज असल्याने ते 'न्यू' रांगेत थांबतं, तिथे आर्काइव्हची जबाबदारी असलेली माणसं परवाने वाचतात. वर परवान्यावर एवढी चर्चा झाली ती याचसाठी. कॉपीराइट फाईलमध्ये एक नाव सुटलं तरी परत येतं आणि पुन्हा रांगेत लागतं.

न्यू रांगेसाठी बायनरीसकट अपलोड लागतो, पण टेस्टिंगमध्ये (पुढची स्थिर आवृत्ती घडते तिथे) जायला बायनरी बिल्ड-सर्व्हरवरच झालेली हवी. म्हणून स्वीकार झाल्यावर आवृत्तीचा शेवटचा आकडा वाढवून, नुसत्या सोर्सचा अपलोड पुन्हा करायचा. हे नवीन लोकांच्या हमखास राहतं आणि पॅकेज अनस्टेबलमध्ये (नवी पॅकेजं आधी येतात तिथे) बसून राहतं. त्यानंतर टेस्टिंगमध्ये जायला मीडियम अर्जन्सीला ५ दिवस, लोला १०.

आता खरी गोम. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये स्थिर झालं, त्यात नवं पॅकेज जात नाही. टेस्टिंगमध्ये पोचल्यावर बॅकपोर्ट्समध्ये (स्थिर आवृत्तीसाठी नव्या पॅकेजांचा जोडसाठा) टाकता येतं. तिथेही पहिल्यांदा वेगळी न्यू रांग आहे. वाचनालयांत बॅकपोर्ट्स चालू केलं की तिथून मिळेल. उबुंटू अनस्टेबलमधून आपोआप घेतं, पण पुढच्या आवृत्तीसाठी. २४.०४ ला पीपीएच लागेल, आणि लाँचपॅडला (पीपीए चालवणाऱ्या साइटला) फक्त सोर्स पॅकेज द्यायचं, बिल्ड तेच करतात.

सियागंज (इंदूर)

म्हणजे तोवर वाचनालयांनी वाट बघायची? मी तर तेच म्हणत होतो.

दांडियाबाजार (बडोदा)

नाही, तोवर तुमचंच करायचं, पण रेपो करून. आपटली किंवा रेप्रेप्रोने छोटा एपीटी रेपो, जीपीजी सही, किल्ली एटीसीतल्या एपीटीच्या 'कीरिंग्ज' फोल्डरात आणि सोर्सेस फाईलमध्ये 'साइन्ड-बाय' करून तिचा मार्ग. 'एपीटी-की' कमांडचा जुना सल्ला सोडून द्या, डेबियन १३ मध्ये ती नाहीच. पॅकेजिंगच्या फायलींचा 'डेबियन' फोल्डर मात्र तोच, जो आर्काइव्हला जाणार आहे.

लश्करकर (ग्वाल्हेर)

आणि आवृत्तीत टिल्डे (~) ठेवा. '२०२४.०८+डीएफएसजी-१~इंदूर१' असं. टिल्डेवालं नाव त्याच्याविना असलेल्या नावापेक्षा लहान धरलं जातं, म्हणजे आर्काइव्हमधलं '-१' आलं की संगणक आपोआप त्यावर जातील. तिथे अधिकचं चिन्ह टाकलंत तर तुमचं स्थानिक पॅकेज त्या '-१'ला वरचढ राहील आणि अधिकृत '-१' बसणारच नाही. बॅकपोर्टचं 'बीपीओ१३'सुद्धा टिल्डेनेच लागतं, आणि अक्षरांच्या क्रमाने 'बी' हे 'आय'च्या आधी येतं. म्हणजे '~इंदूर१' बॅकपोर्टच्याही वर बसेल. ते टाळायला '~~इंदूर१' असे दोन टिल्डे द्या. डीपीकेजीच्या कम्पेअर-व्हर्जन्सने दोन्ही जोड्या आधी ताडून बघा.

तारखेच्या आवृत्तीबद्दलही आत्ताच मूळ प्रकल्पाला विचारा. उद्या त्यांनी '१.०' काढलं तर ते २०२४.०८ पेक्षा लहान ठरेल आणि इपॉक (आवृत्तीच्या आधी जोडायचा, तिला वरचढ करणारा आकडा) लावावा लागेल. इपॉक एकदा लागला की परत काढता येत नाही. आकडे बदलायचा विचार असेल तर पहिल्या अपलोडच्या आधीच '०~२०२४०८' असं धरा.

सुदामानगरकर (इंदूर)

मूळ प्रकल्पाचं उत्तर आलं. पुढची आवृत्ती '१.०' असेल, टीटीएफ आणि जुने लेख ते स्वतःच चाचण्यांतून काढतील, अश्विनीताईंची वाक्यं घालतील. म्हणजे टीटीएफसाठी पुन्हा बांधणी नको, '+डीएफएसजी'ही नको. शिवाजीचं कोष्टक येईपर्यंत पहिल्या पॅकेजमध्ये फक्त कृतिदेव ठेवतो. आयटीपी आज रात्री नोंदवतो. स्थानिक रेपोसाठी '१.०-१~~इंदूर१'.

क्षिप्रा_पार (इंदूर)

मग वॉच फाईलमधला रिपॅकसफिक्सही काढा. आणि १.०च्या टारबॉलमधून शिवाजीचं जुनं कोष्टक मूळ प्रकल्पाकडूनच वगळून घ्या. नुसतं पॅकेजमध्ये न बसवणं पुरत नाही, सोर्समध्ये राहिलं तर न्यू रांगेतून परत येईल.

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

आयटीपीत वर्णन इंग्रजीत लिहाल तेव्हा 'जुने फॉन्ट' एवढंच नको, कृतिदेव हे नाव घाला, कोष्टक आलं की पुढे शिवाजीचंही. एपीटी सर्चमध्ये लोक तीच नावं शोधणार. बगचा क्रमांक इथे टाका, साल्सावर रेपो झाला की मी कॉपीराइट फाईल वाचून देतो.